झिरो पाहिला, नोझल कुणी पाहिलं?

विश्रांतवाडीच्या चौकात आळंदी रस्ता, लोहगाव विमानतळाकडे जाणारा रस्ता आणि धानोरीकडचा रस्ता एकमेकांत घुसतात. दिघीकडून येणारे टेम्पो, विमानतळाची भाडी मारणाऱ्या कॅब, धानोरी-टिंगरेनगरच्या सोसायट्यांमधल्या एसयूव्ही, लष्कराच्या गाड्या आणि या सगळ्यांच्या फटींतून वाट काढणाऱ्या दुचाकी अशी इथली रोजची गर्दी असते. अशा भागातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर दिवसभर दोनच वाक्यं ऐकू येतात: ‘कितीचं?’ आणि ‘झिरो बघा.’ ‘काय टाकू?’ हा तिसरा प्रश्न विचारला जाईलच असं नाही. गाडी डिझेलची असताना टाकीत पेट्रोल जाण्याच्या चुकीचा विचार करताना हा न विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही चूक आपण सहसा चालकाच्या वेंधळेपणाच्या किंवा पंपावरच्या मुलाच्या बेपर्वाईच्या खाती टाकतो आणि हिशेब मिटवतो. माझं म्हणणं असं की हा हिशेब अपुरा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत गाड्या, इंजिनं आणि पंपावरची यंत्रं बदलत गेली आणि चूक आपोआप अडवणाऱ्या जुन्या खुणा त्यात एकेक करून पुसल्या गेल्या. आज डिझेल गाडीच्या टाकीची राखण बहुतेक वेळा एका तोंडी शब्दावर चालते, आणि तो शब्दही हॉर्नच्या गदारोळात, अर्ध्या उघडलेल्या काचेतून उच्चारलेला असतो.

आधी इंजिनाच्या पोटात काय होतं ते पाहू, कारण खर्चाचं सगळं गणित तिथं आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते तेव्हाच पेटायचं, त्याआधी दाबानं पेटायचं नाही, हा इंधनाचा गुण मानला जातो. ऑक्टेनचा आकडा हाच गुण मोजतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनापासून आजपर्यंत तत्त्व तेच आहे: हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी आणि तिच्यात फवारलेलं इंधन आपसूक पेटावं. म्हणून डिझेलला झटकन पेटण्याचा गुण लागतो. त्याचं माप सीटेन, आणि भारतीय मानकात ते किमान ५१ आहे. एका इंधनाचा सद्गुण तोच दुसऱ्याचा दुर्गुण, असा हा उघड विरोध आहे. डिझेल गाडीत पेट्रोल गेलं की ज्वलन उशिरा आणि धक्क्यानं होतं, इंजिन ठोके देऊ लागतं, ताकद पडते, धूर येतो आणि गाडी बंद पडते. पण एवढ्यावर थांबलं असतं तर टाकी रिकामी करून, फिल्टर बदलून माणूस घरी गेला असता. खरं नुकसान ज्वलनात होत नाही. ते त्याच्या आधी, पंपात आणि इंजेक्टरमध्ये होतं.

आजच्या डिझेल गाड्यांमध्ये ‘कॉमन रेल’ पद्धत असते. बोलीभाषेत आपण तिला सीआरडीआय म्हणतो. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ आणि मर्सिडीज यांच्या मोटारींतून ती रस्त्यावर आली आणि दशकभरात आपल्याकडे रुळली. २००७ च्या डिझेल स्विफ्टमुळे घराघरात पोचलेलं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन याच जातीचं, आणि ते पुढे आपल्या रांजणगावातही तयार होऊ लागलं. या पद्धतीत इंधन वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबानं एका नळीत भरून ठेवलं जातं आणि संगणकाच्या इशाऱ्यावर इंजेक्टर ते एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबानं सोडतात. इंजेक्टरमधली सुई आणि तिची म्यान यांच्यातली जागा काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. नाशिकच्या सातपूरमध्ये बॉशचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘मायको’चा, जो कारखाना आहे तिथं याच जातीचं बारीक काम चालतं. एवढ्या घट्ट बसलेल्या भागांना वेगळं वंगण दिलेलं नसतं. त्यांच्यातून वाहणारं डिझेलच त्यांचं वंगण. म्हणून डिझेलच्या मानकात वंगणशक्तीचीही अट आहे: ठरावीक चाचणीत धातूवर पडणारा घासल्याचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. पेट्रोल या बाबतीत नुसतं कोरडं नाही, ते विद्रावक आहे. असलेला तेलकट थर तेच धुऊन काढतं. मग धातू धातूवर घासतो, त्याची चकाकणारी भुकटी पंपातून नळीत, नळीतून इंजेक्टरमध्ये आणि परतीच्या वाटेनं पुन्हा टाकीत जाते. मेकॅनिकनं फिल्टर कापला आणि आत ती चंदेरी कचकच दिसली, की टाकी धुण्याचं काम संपतं आणि पंप, रेल, इंजेक्टर सगळं बदलण्याचं काम सुरू होतं. काही हजारांचं बिल लाखांत जातं ते याच पायरीवर.

इथं एक आक्षेप हमखास येतो आणि तो अनुभवी माणसांकडूनच येतो: ‘थोडंफार पेट्रोल गेलं तर काही होत नाही, वरून डिझेल भरून घ्या, पचून जातं.’ हे मत हवेतून आलेलं नाही. मुळा नदीच्या पलीकडे खडकीत १९४६ पासून किर्लोस्करांची ऑइल इंजिनं बनत आली. त्या शेतावरच्या इंजिनांनी कसलंकसलं इंधन पचवलं हे ग्रामीण महाराष्ट्राला ठाऊक आहे. थंड मुलुखांत डिझेल गोठू नये म्हणून ठरावीक प्रमाणात पेट्रोल किंवा रॉकेल मिसळण्याची मुभा जुन्या काही युरोपीय गाड्यांच्या माहितीपुस्तकांत खरोखरच होती. टेल्कोनं १९९८ च्या अखेरीस आणलेल्या डिझेल इंडिकाचं इंजिनही जुन्या धाटणीचं, कमी दाबाचं होतं. त्या पिढीचा मेकॅनिक जे शिकला ते त्या इंजिनांपुरतं बरोबर होतं. पण मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. पंपाचा दाब कितीतरी पटींनी वाढला, आणि डिझेलमधलं गंधक काढून टाकण्यात आलं. नव्वदच्या दशकात आपल्या डिझेलमध्ये दर दशलक्ष भागांत हजारो भाग गंधक असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकात ते १० वर आलं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक तेलकटपणाही जातो आणि तो वरून द्रव्यं मिसळून भरून काढावा लागतो. म्हणजे इंजिन अधिक नाजूक झालं आणि इंधनाची माफ करण्याची ताकद कमी झाली. शिवाय आज पंपावरून येतं ते पेट्रोलही जुनं पेट्रोल नाही. २०२५ पर्यंत त्यात इथेनॉलचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांच्या आसपास आलं, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं; डिझेलच्या टाकीत, जिथं पाण्याचा थेंबही नको असतो, तिथं हा पाहुणा आणखी वाईट. त्यामुळे ‘पचून जातं’ हा सल्ला आज द्यायचा तर आधी गाडीचं साल विचारावं.

महाराष्ट्रात चुकीच्या इंधनाची चर्चा झाली ती प्रामुख्यानं भेसळीच्या अंगानं, आणि तिची किंमत आपण फार मोठी मोजली आहे. रेशनच्या स्वस्त रॉकेलची डिझेलमध्ये सरमिसळ हा वर्षानुवर्षांचा धंदा होता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी इथं मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनमाफियांनी जिवंत जाळलं, तेव्हा त्याचं खरं रूप सगळ्या राज्यानं पाहिलं. मापातली चोरी हा दुसरा धंदा. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घालून यंत्रांमधल्या मापमारीच्या चिपा पकडल्या. या दोन अनुभवांनी ग्राहकाची नजर घडवली आहे. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागता येतं, त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचीच तफावत चालते, पेट्रोलचा थेंब फिल्टर पेपरवर टाकून डाग राहतो का ते पाहता येतं, घनता विचारता येते. हे सगळे हक्क चांगले आहेत आणि ते वापरलेच पाहिजेत. पण त्यांचा रोख कुठं आहे ते पाहा: माल पुरेसा आहे का, आणि माल शुद्ध आहे का. माल योग्य टाकीत चालला आहे का, हा प्रश्न या पहाऱ्यात बसतच नाही. आपण फसवणुकीविरुद्ध इतके सावध झालो की चुकीविरुद्ध सावध राहायला जागाच उरली नाही. ‘झिरो बघा’ म्हटल्यावर ग्राहक मान वळवून यंत्राच्या आकड्यांकडे पाहतो. नेमक्या त्याच क्षणी नोझल टाकीत शिरतं आणि ते कुठल्या खाचेतून उचललं गेलं हे त्यानं पाहिलेलं नसतं. प्रामाणिकपणाची खूण म्हणून रुजलेला हा विधी नजर दुसरीकडे वळवण्याचं कामही तितक्याच प्रामाणिकपणे करतो.

ही चूक पूर्वी तुलनेनं दुर्मीळ का होती, याचं उत्तर मला गाड्यांच्या अंगकाठीत दिसतं. ट्रक, टेम्पो, जीप, ट्रॅक्टर म्हणजे डिझेल आणि मारुती ८०० किंवा स्कूटर म्हणजे पेट्रोल, हे लांबूनच कळे. अॅम्बॅसॅडर आणि फियाटच्या डिझेल आवृत्त्या होत्या, पण त्यांच्या आवाजावरूनच त्या ओळखू येत. इंडिकानं लहान मोटारीला डिझेलवर आणलं. त्यानंतर जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेले राहिले, आणि मधल्या काळात दोन्हींच्या भावांत लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर पडलं. लोकांनी जे करायचं तेच केलं: २०१२-१३ च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी जवळपास निम्म्या डिझेलच्या होत्या. एकाच साच्यातून निघालेल्या, एकाच रंगाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्या, एकीच्या पोटात ठिणगी आणि दुसरीच्या पोटात नुसता दाब, ही परिस्थिती तेव्हापासूनची. ती आजही आहे. चाकणच्या कारखान्यातून निघणारी स्कॉर्पिओ-एन दोन्ही इंधनांत मिळते, रांजणगावची नेक्सॉनही. मारुतीची ब्रेझा २०१६ मध्ये आली तेव्हा ती फक्त डिझेलमध्ये होती. २०२० मध्ये तिचं नवं रूप आलं ते फक्त पेट्रोलमध्ये. चार वर्षं ब्रेझा दिसली की डिझेलचं नोझल उचलणाऱ्या हातानं एका रात्रीत उलटं शिकावं, अशी ही अपेक्षा. टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा आज फक्त डिझेलवर चालते आणि तिची धाकटी बहीण हायक्रॉस फक्त पेट्रोलवर. कॅबच्या रांगेत दोघींना हाक मात्र ‘इनोव्हा’ हीच. बाकी राहिला आवाज, तर नव्या डिझेल गाड्या इतक्या शांत झाल्या की तीही खूण गेली. मागच्या दारावरचा ‘डी’ किंवा ‘टीडीआय’ असा बिल्लाही बऱ्याच कंपन्यांनी काढून टाकला, कारण तो आता मिरवण्यासारखा राहिला नाही.

याला जोडून एक उलटा वाटणारा मुद्दा आहे. डिझेल मोटारींचा वाटा आता पाचात एकच्याही खाली आला आहे. मग चूकही कमी व्हायला हवी, असं कुणी म्हणेल. एकूण चुका कमी होतीलही, पण उरलेल्या प्रत्येक डिझेल गाडीचा धोका त्यामुळे वाढतो. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात पंपावरचा मुलगा एका पाळीत शेकडो वेळा पेट्रोलचं नोझल उचलतो. हाताला एक वळण पडतं. माणसाच्या चुकांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अज्ञानातून झालेली चूक आणि सवयीनं झालेली चूक यांत फरक केला, तो इथं तंतोतंत लागू पडतो. त्या मुलाला डिझेल गाडी म्हणजे काय हे कळत नाही असं नाही; त्याचा हात डोक्याच्या आधी चालतो. त्यात एकाच यंत्रावर पेट्रोल आणि डिझेल अशी दोन्ही नोझलं शेजारीशेजारी टांगलेली असतात. ट्रकसाठी वेगळं डिझेल यंत्र असण्याच्या काळात चूक करायला निदान चार पावलं चालावं लागत असे.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. ‘चालकानं खाली उतरावं, झाकण स्वतः उघडावं, डिझेल हा शब्द दोनदा बोलावा, एवढंही जमत नसेल तर दोष कुणाचा?’ हे सगळं करावंच, यात वाद नाही. छापील पावती मागावी, हेही मी त्यात जोडेन, कारण पावतीवर मालाचं नाव छापलेलं असतं, पेट्रोलसाठी ‘एमएस’ आणि डिझेलसाठी ‘एचएसडी’. क्यूआर कोडवर पैसे भरल्याची मोबाइलमधली नोंद फक्त रक्कम सांगते, आणि पुढं वाद झाला तर रक्कम काहीच सिद्ध करत नाही. पण ज्या उपायासाठी प्रत्येक माणसानं प्रत्येक वेळी जागं राहायला हवं, तो उपाय कधी ना कधी चुकणारच. ब्रिटनमध्ये तर लोक स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या पैशानं इंधन भरतात. तिथंही वर्षाला सुमारे दीड लाख गाड्यांत चुकीचं इंधन जातं असा अंदाज रस्त्यावर मदत करणाऱ्या संस्थांकडून वर्षानुवर्षं सांगितला जातो आणि टाक्या उपसायला त्यांच्या खास गाड्या फिरतात. म्हणजे गाडी ज्याची त्याच्या हातीसुद्धा खात्री नाही. पुण्याहून लेकाकडे गेलेल्या आईवडिलांना हे आणखी वेगळ्या तऱ्हेनं जाणवतं: ब्रिटनमध्ये हिरवं नोझल पेट्रोलचं आणि काळं डिझेलचं, तर अमेरिकेत हिरवं नोझल बहुधा डिझेलचंच. रंगावर भिस्त ठेवायची तर निदान तो रंग जगभर एक असावा.

आपल्याकडेही रंगाचा प्रयोग झाला आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटबरोबर पुढच्या काचेवर एक होलोग्रामचं स्टिकर येतं. डिझेलला नारिंगी, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळं. जुन्या गाड्यांना या प्लेट लावण्यासाठी २०२५ भर राज्यात धावपळ झाली आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. या रंगांचा हेतू वेगळा होता, प्रदूषणाच्या निर्बंधांत गाडी ओळखता यावी हा. पंपाच्या दृष्टीनं पाहिलं तर स्टिकर पुढच्या काचेवर आणि टाकीचं तोंड मागच्या चाकाशी; त्या मुलाला रंग पाहायचा तर गाडीला प्रदक्षिणा घालावी लागेल. तीच ओळख झाकणाच्या आतल्या बाजूला, नजरेच्या आणि हाताच्या वाटेवर असायला हवी. युरोपनं ऑक्टोबर २०१८ पासून याच्या पुढची पायरी गाठली: पेट्रोलसाठी वर्तुळ, डिझेलसाठी चौकोन आणि वायुइंधनांसाठी तिरपा चौकोन, ही चिन्हं नव्या गाडीच्या टाकीशी आणि पंपाच्या नोझलवर दोन्हीकडे सारखी. ज्याला भाषा येत नाही, ज्याला रंग नीट दिसत नाहीत, त्यालाही आकार जुळवता येतो. विश्रांतवाडीपासून हाकेच्या अंतरावर, आळंदी रस्त्यावरच्या फुलेनगरला आरटीओचं काम चालतं, व्यावसायिक गाड्या तिथं योग्यता तपासणीसाठी उभ्या राहतात. परावर्तक पट्टी आहे का, दिवे लागतात का हे जिथं पाहिलं जातं, तिथं झाकणाच्या आत इंधनाची खूण आहे का हे पाहायला मिनिटही लागणार नाही. नियम करायला मात्र दिल्लीला जावं लागेल, ही अडचण खरी.

तरीही खूण ही खूणच. वाचली तर उपयोगाची. खात्रीचा उपाय आकारमानाचा आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार शिसेविरहित पेट्रोलच्या नोझलची नळी सुमारे २१ मिलिमीटर जाड असते आणि डिझेलची त्याहून तीन-चार मिलिमीटर मोठी. ही तफावत ठेवण्याचं कारण वेगळं होतं. शिसेयुक्त पेट्रोलनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होई, म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडच अरुंद केलं गेलं. त्याचा अनपेक्षित फायदा पेट्रोल गाडीला झाला: अशा अरुंद तोंडात डिझेलचं जाड नोझल शिरत नाही. डिझेल गाडीला मात्र उलटं भोगावं लागतं. तिचं तोंड मोठं, आणि मोठ्या तोंडात बारीक नोझल अगदी सुखानं जातं. ज्या इंजिनाचं कमी बिघडतं त्याला कुलूप आणि ज्याचं सर्वस्व जातं त्याचं दार उघडं, असा हा उफराटा न्याय आहे. उपायही अवघड नाही. फोर्डसह काही कंपन्यांनी डिझेल गाड्यांच्या तोंडाशी अशी झडप बसवली की तिच्या दोन्ही बाजूंचे खटके एकाच वेळी दाबले गेले तरच ती उघडते. बारीक नोझल दोन्हींना एकदम टेकत नाही, म्हणून ते आत जातच नाही. थोडं प्लास्टिक आणि एक-दोन स्प्रिंगा. ‘किंमत वाढेल’ हा कंपन्यांचा आक्षेप वीस लाखांच्या एसयूव्हीच्या बाबतीत मला तरी गंभीरपणे घेता येत नाही. आपल्याकडच्या सगळ्या पंपांवर दोन जाडीची नोझलं काटेकोर असली तरच झडप काम करेल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण माप तपासायला वैधमापन खात्याचा माणूस पंपावर जातोच. त्याच भेटीत नोझलची जाडी तपासायला अडचण काय?

आकारानं चूक अडवण्याचा हा विचार इतर ठिकाणी केव्हाच स्वीकारला गेला आहे. रुग्णालयात ऑक्सिजनच्या जागी दुसऱ्या वायूचं सिलिंडर लागू नये म्हणून भुलीच्या यंत्रावर खुंट्या आणि भोकं अशा जागी ठेवलेली असतात की चुकीचं सिलिंडर बसतच नाही. विमानांचं उदाहरण आणखी जवळचं. अमेरिकेतले विख्यात वैमानिक बॉब हूवर यांच्या पिस्टन इंजिनाच्या विमानात कर्मचाऱ्यानं चुकून जेटचं इंधन भरलं. उड्डाणानंतर इंजिनं थांबली आणि विमान कसंबसं उतरवावं लागलं. हूवर यांनी त्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढा असं म्हटलं नाही. उलट आपल्या दुसऱ्या विमानात इंधन त्यानंच भरावं असं सांगितल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. त्यातून पुढं जेट इंधनासाठी चपट्या, रुंद तोंडाचं नोझल आणि पेट्रोलवरच्या विमानांच्या टाकीला बसवायची अरुंद कडी प्रचारात आली. दोन्हीला हूवर यांचंच नाव मिळालं.

या हकिकतीतला क्षमेचा भाग लोकांना आवडतो. मला त्यातला व्यवहार जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या पंपांवर नेमकं उलटं चालतं. चूक पकडली गेली की नुकसान त्या मुलाच्या पगारातून कापायचं, हा सोपा मार्ग. त्याचा परिणाम काय होतो तो तपासा. चुकीच्या इंधनाचा खर्च टाकीत किती लिटर गेलं यापेक्षा त्यानंतर किल्ली फिरली की नाही यावर ठरतो. किल्ली फिरली नसेल तर इंधन टाकीतच असतं: गाडी न्यूट्रलला टाकून बाजूला ढकलायची, टाकी उपसायची, फिल्टर बदलायचा, ताजं डिझेल भरायचं. बटण दाबून नुसतं ‘ऑन’ केलं तरी कित्येक गाड्यांत टाकीतला छोटा पंप लगेच सुरू होतो आणि पेट्रोल पुढं सरकू लागतं. इंजिन चालू होऊन गाडी चौक ओलांडून गेली की पुढची गोष्ट लाखांची. म्हणजे सगळं अवलंबून आहे ते ‘साहेब, चालू करू नका’ हे शब्द कुणीतरी तत्क्षणी ओरडण्यावर. ते शब्द फक्त एकच माणूस वेळेत उच्चारू शकतो, आणि त्यालाच आपण गप्प राहण्याचं कारण देऊन ठेवलं आहे. महिन्याचा पगार जाणार असेल तर झाकण लावून ‘चला’ म्हणणं आणि गाडी कुठंतरी लांब बंद पडेल अशी आशा धरणं हे त्याच्या बाजूनं शहाणपणाचं ठरतं. लगेच सांगणाऱ्याला दंड नाही, लपवणाऱ्याला आहे, एवढा एक नियम पंपमालकानं पाळला तर त्याचं स्वतःचंही नुकसान वाचेल. ‘अशानं बेफिकिरी वाढेल’ हे म्हणणं मला पटत नाही. सवयीनं होणारी चूक दंडाच्या भीतीनं थांबत नाही, भीतीनं फक्त ती कबूल करणं थांबतं.

भरपाईची वाट खडतर आहे. आपल्या मोटार विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि त्यातून उद्भवणारं नुकसान वगळलेलं असतं आणि कंपनीची वॉरंटी अयोग्य इंधनामुळे झालेलं नुकसान मानत नाही. रस्त्यावरच्या मदतीचं पूरक कलम घेतलं असेल तर टाकी उपसणं किंवा गाडी ओढून नेणं त्यात बसू शकतं, इंजेक्टर बहुधा नाहीत. पंपाकडून भरपाई मागायला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाचं दार उघडं आहे. मागितलेल्यापेक्षा वेगळा माल देणं ही सेवेतली उणीव आहे, याबद्दल फारसा वाद होऊ नये. वाद होतो तो ‘डिझेल’ म्हटलं होतं का यावर, आणि पुरावा असतो पंपावरचा कॅमेरा, जो पंपाच्याच ताब्यात. म्हणून त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन चित्रीकरण जपून ठेवायला सांगणं आणि टाकीतल्या इंधनाचा नमुना साक्षीदारांसमोर काढून ठेवणं, ही दोन कामं गॅरेजच्या आधी करायची.

शेवटचा आक्षेप असा की डिझेल मोटारच मोडीत निघणार आहे. २०२३ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या समितीनं दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात अशी शिफारस केली होती, पुणे त्यात आलंच असतं; ती अमलात आलेली नाही. आज विकली गेलेली डिझेल गाडी आपल्या राज्यात पंधरा वर्षं सहज चालते. आणि इंधनांची संख्या घटत नाही, वाढते आहे. शुद्ध इथेनॉलचे देशातले पहिले प्रायोगिक पंप ५ जून २०२१ रोजी पुण्यातच तीन ठिकाणी सुरू झाले. बीएस-६ च्या कित्येक डिझेल गाड्यांना आता डीईएफ नावाचं युरियाचं पाणीही लागतं, त्यात युरिया ३२.५ टक्के, काही गाड्यांत त्याचं निळं झाकण डिझेलच्या झाकणाला खेटून असतं आणि ते पाणी डिझेलच्या टाकीत गेलं तर पेट्रोलपेक्षाही वाईट, कारण त्याचे स्फटिक बनून पंप आणि इंजेक्टर जाम होतात. विशेष म्हणजे डीईएफच्या बाबतीत मानक ठरवणाऱ्यांनी सुरुवातीलाच नोझलची जाडी १९ मिलिमीटर अशी वेगळी ठेवली, म्हणजे त्या टाकीत डिझेल शिरणारच नाही. उलट दिशेनं मात्र डीईएफची ती बारीक नळी डिझेलच्या तोंडात आजही आरामात जाते.

उपसलेल्या इंधनाचा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही, पण तो विश्रांतवाडीसारख्या दाट वस्तीत सगळ्यांत तातडीचा आहे. पेट्रोलियम नियमांत पेट्रोल ‘अ’ वर्गात आणि डिझेल ‘ब’ वर्गात मोडतं, कारण पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते; डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं तरी ते मिश्रण पेट्रोलइतकंच जपून हाताळावं लागतं. ते सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नळी लावून, बादलीत, फोन कानाला लावून उपसण्याची पद्धत आहे. उघड्यावर, मातीनं भरलेल्या बादल्या आणि अग्निशामक हाताशी ठेवून, शक्यतो पंपाच्याच आवारात आणि पंपाच्याच खर्चानं ते काम व्हावं. आणि तो चाळीस-पन्नास लिटरचा कॅन पुढं कुठं जातो, कुणाच्या टेम्पोत रिचवला जातो, याची नोंद पंपाच्या वहीत असायला हवी.